बीपी निघाले, आता पुढे काय? पहिल्या तीन महिन्यांसाठी मार्गदर्शन

कंबरदुखीसाठी किंवा विम्याच्या तपासणीसाठी दवाखान्यात गेलेल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधला जातो, कागदावर १५६/९८ असे काहीतरी लिहिले जाते आणि ‘तुम्हाला बीपी आहे’ हे वाक्य कानावर पडते. वास्तविक बीपी, म्हणजे रक्तदाब, प्रत्येक जिवंत माणसाला असतोच. पण आपल्याकडे ‘बीपी आहे’ याचा अर्थ तो वाढलेला आहे, असाच घेतला जातो. हे वाक्य ऐकल्यावर काही जण इतके घाबरतात की घरी जाईपर्यंत दाब आणखी चढलेला असतो, आणि काही जण ‘मला तर काहीच होत नाही’ असे म्हणून कागद कपाटात टाकतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी गोळ्या घेत होते. म्हणजे हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातला आहे. निदान नुकतेच झाले असेल, तर पहिल्या तीन महिन्यांत कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने करावी, हे येथे सांगितले आहे. औषध ठरवणे हे डॉक्टरांचेच काम. मात्र त्यांना ते नीट ठरवता यावे यासाठी लागणारी बरीच माहिती आपल्या घरात तयार होते.

पहिली पायरी: दोन आकडे समजून घ्या

हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडलेले असताना उरणारा दाब म्हणजे खालचा आकडा. दोन्ही आकडे मिलिमीटर पाऱ्यात मोजतात, कारण दंडाला हवेचा पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब वाचण्याची पद्धत १८९६ साली रीव्हा-रोच्ची या इटालियन डॉक्टरांनी रूढ केली. स्टेथोस्कोप लावून ऐकू येणाऱ्या ठोक्यांवरून दोन्ही आकडे ठरवण्याची रीत १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह यांनी दाखवून दिली. पारा आता बहुतेक दवाखान्यांतून गेला आहे, मोजमापाचे नाव तेवढे राहिले आहे.

१२०/८० च्या खाली असलेला दाब उत्तम मानला जातो. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर उच्च रक्तदाब आहे असे आपल्याकडील डॉक्टर सामान्यतः धरतात. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ पासून ही रेषा १३०/८० वर आणली आहे. घरी मोजलेल्या दाबासाठी मर्यादा थोडी खाली, सरासरी १३५/८५ अशी मानतात, कारण घरी माणूस निवांत असतो. दोन्हींपैकी एकच आकडा वाढलेला असला तरी तो वाढलेलाच धरायचा. वयस्कर लोकांत पुष्कळदा वरचा आकडा १६० आणि खालचा ७५ असा प्रकार दिसतो, आणि ‘खालचा चांगला आहे’ असे म्हणून तो सोडून दिला जातो. असे करू नये.

‘वय अधिक शंभर एवढे बीपी चालते’ हे गणित अजूनही कट्ट्यावर ऐकू येते. वय वाढले की धमन्या ताठर होतात आणि दाब वाढतो, एवढे त्यात खरे आहे. पण वाढणे सर्वत्र आढळते म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. या समजुतीची किंमत काय असते याचे ठळक उदाहरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आहे. त्यांचा दाब वर्षानुवर्षे चढत गेल्याच्या नोंदी आहेत, परंतु त्या काळी त्यावर परिणामकारक औषध नव्हते आणि वयानुसार दाब वाढणारच असे मानणारे डॉक्टर पुष्कळ होते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले, त्या दिवशी त्यांचा दाब ३००/१९० इतका नोंदला गेला.

वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, चक्कर आणत नाही, डोकेही धरत नाही. तो मुकाट्याने चार ठिकाणी काम करत राहतो. सततच्या जोरामुळे हृदयाचा डावा कप्पा, व्यायामाने दंड जाड व्हावा तसा जाड होतो. पण हा जाड स्नायू नीट सैल पडत नाही आणि पुढे थकतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होऊन तेथे चरबीचे थर बसू लागतात. मूत्रपिंडातील बारीक गाळण्या झिजतात, आणि मेंदूतील धमनी तुंबण्याचा किंवा फुटण्याचा धोका वाढतो. उलट बाजूही तितकीच खात्रीची आहे. अनेक चाचण्यांचे एकत्र विश्लेषण २०१६ साली प्रसिद्ध झाले, त्यात वरचा आकडा १० ने खाली आणल्यास हृदय व रक्तवाहिन्यांचे मोठे आजार सुमारे २० टक्क्यांनी आणि पक्षाघात सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो, असे दिसले. दहा अंक ही काही अशक्य गोष्ट नाही.

दुसरी पायरी: घरी मोजायला शिका

माझ्या मते नवख्या माणसाने सर्वांत जास्त कष्ट येथे घ्यावेत, कारण पुढचे सगळे निर्णय या आकड्यांवर होतात आणि बहुतेक घरांत ते चुकीचे मोजले जातात. काही जणांचा दाब दवाखान्यातच चढतो आणि घरी बरोबर असतो. काहींचे नेमके उलटे असते, म्हणजे डॉक्टरांसमोर १२८ आणि घरी किंवा कामाच्या ठिकाणी १५०. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा, कारण तो कोणाच्या लक्षातच येत नाही. घरी मोजून वहीत लिहिलेल्या आकड्यांशिवाय या दोघांनाही ओळखण्याचा सोपा मार्ग नाही.

मशीन दंडाला पट्टा बांधण्याचे घ्यावे. मनगटाचे घेऊ नये, आणि घड्याळात दिसणाऱ्या आकड्यांवर औषध ठरवू नये. खरेदीपूर्वी शिंप्याची टेप घेऊन दंडाचा मधला घेर मोजावा. मशीनसोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल आणि तोच पट्टा ओढूनताणून बांधला, तर दाब खोटाच वाढलेला दिसतो. अशा वेळी मोठा पट्टा मागून घ्यावा. नवे मशीन एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या मोजमापाशी ताडून पाहावे, आणि पुढे वर्षातून एकदा तरी तसे करावे.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, विडी, जेवण आणि व्यायाम टाळावा. लघवीला जाऊन यावे, कारण भरलेले मूत्राशय दाब वाढवते. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत, दोन्ही तळपाय जमिनीला टेकवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसावे. मांडी घालून जमिनीवर किंवा पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसू नये. पट्टा उघड्या दंडावर बांधावा. शर्टाची किंवा ब्लाउजची घट्ट बाही गुंडाळून वर सरकवली, तर तीच दंडाला आवळते आणि आकडा बिघडतो. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वळणापासून दोन बोटे वर असावी आणि पट्ट्याखाली एक-दोन बोटे शिरतील इतका तो सैल असावा. मशीन चालू असताना बोलू नये, मोबाइल पाहू नये, आणि शेजारी बसलेल्यांनीही ‘किती आला, किती आला’ असे विचारू नये.

राहिला हात. आमच्या घरी मशीन आले त्या दिवशी आई खुर्चीत बसली, हात मांडीच्या बाजूला खाली सोडला, आणि आकडा आला १६२. सगळे गंभीर झाले. पाच मिनिटांनी तोच हात जेवणाच्या टेबलावर, खाली चादरीची घडी ठेवून, पट्टा छातीच्या मध्यावर येईल अशा उंचीवर ठेवला, तेव्हा आकडा १४९ झाला. यात जादू नाही. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली असेल, तर रक्ताच्या स्तंभाच्या वजनामुळेच दाब सात-आठ अंकांनी जास्त येतो. आईचा दाब वाढलेला होताच, परंतु १६२ आणि १४९ यांवर डॉक्टर वेगवेगळा निर्णय घेऊ शकतात. एका दवाखान्यात तर आईला उभे ठेवून, स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा बांधून दाब घेतलेला मी पाहिला आहे. अशा वेळी ‘जरा बसून घ्याल का?’ असे म्हणण्यात संकोच बाळगू नये.

पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजावे. ज्या हाताचा दाब जास्त येईल, तोच हात पुढे कायम वापरावा. दोन हातांत दहापेक्षा जास्त फरक पुन्हापुन्हा येत असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घालावे. त्यानंतर सलग सात दिवस सकाळी, गोळी आणि न्याहारी घेण्याआधी, आणि संध्याकाळी, जेवणाआधी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून चारही आकडे लिहावेत. पहिल्या दिवसाचे आकडे नवखेपणाचे म्हणून बाजूला ठेवून उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढावी. वहीत तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी आणि शेवटी एक मोकळा रकाना असावा. त्यात ‘रात्री झोप नाही’, ‘गोळी राहिली’, ‘लग्नाचे जेवण’ असे काय ते लिहावे. आकडा जसा दिसेल तसा लिहावा. १४३ चे १४० आणि ८७ चे ८५ करण्याचा मोह सर्वांना होतो, आणि असे गोल केलेले आकडे पाहून डॉक्टरांनाही वहीवर विश्वास ठेवणे अवघड जाते.

आठवडा संपला की मशीन कपाटात ठेवावे. दिवसातून दहा वेळा मोजणाऱ्याचा दाब त्या काळजीनेच चढतो. एकेका आकड्यावरून काही ठरत नाही. जिना चढणे, भांडण, थंडी, दुखणे यांनी तो दिवसभर वरखाली होतच असतो.

तिसरी पायरी: वही घेऊन डॉक्टरांकडे जा

या भेटीत दोन प्रश्नांची उत्तरे मिळवायची असतात: दाबामागे दुसरा आजार आहे का, आणि दाबाने आतापर्यंत काही बिघडवले आहे का. त्यासाठी साधारणपणे रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे यावरून कळते), सोडियम, पोटॅशियम, साखर व कोलेस्टेरॉल, लघवीतील प्रथिने आणि ईसीजी एवढ्या तपासण्या पुरतात. मधुमेह असेल तर डोळ्यांचा पडदाही तपासून घ्यावा. दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त रुग्णांत एकच एक कारण सापडत नाही. अनुवंश, वय, मीठ, वजन यांचा तो एकत्रित परिणाम असतो. पण वय तिशीच्या आतबाहेर असेल, तीन गोळ्या घेऊनही दाब खाली येत नसेल, पोटॅशियम कमी असेल, किंवा रात्री मोठ्याने घोरताना श्वास अडकत असेल, तर मूत्रपिंड, त्यांच्या वर असलेल्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी किंवा झोपेतील श्वसनाचा विकार शोधावा लागतो.

आपण दुसरी कोणकोणती औषधे घेतो, हे न विचारता सांगावे. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या, नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या या सर्व दाब वाढवू शकतात. पाण्यात फसफसणाऱ्या ॲसिडिटीच्या पावडरी सोडियमने भरलेल्या असतात. आणि खोकल्यासाठी रोज चघळले जाणारे ज्येष्ठमध, जे आपल्याला अगदी सात्त्विक वाटते, ते शरीरात मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम कमी करते. माझ्या परिचयातील बहुतेकांना ज्येष्ठमध हे ‘औषध’ आहे असे वाटतच नाही, त्यामुळे ते यादीत येत नाही.

खर्चाची चिंता असेल, तर सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीवरील सर्वांची तपासणी होते आणि दाबाच्या नेहमीच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. भारतातील उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. ठरावीक दोन-तीन गोळ्या, ठरलेल्या टप्प्यांनी डोस वाढवणे आणि रुग्ण ठरल्या दिवशी न आल्यास त्याचा पाठपुरावा करणे, इतकी साधी ती पद्धत आहे. खासगी दवाखान्यातले महागडे पाकीट घ्यायची गरज बहुतेकांना नसते; जन औषधी केंद्रातील गोळीतही औषध तेच असते.

चौथी पायरी: घरातले मीठ मोजा

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला प्रत्येक प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ खावे असा आहे. आपल्या देशातील सरासरी सुमारे ८ ग्रॅम आहे. हे वाचून प्रत्येक जण म्हणतो, ‘आमच्याकडे मीठ कमीच असते.’ त्यावर वाद न घालता एक हिशेब करावा. मिठाची नवी पिशवी फोडताना तिच्यावर तारीख लिहावी. चार माणसांना दिवसाला ५ ग्रॅमप्रमाणे महिन्याला ६०० ग्रॅम मीठ पुरायला हवे, म्हणजे एक किलोची पिशवी पन्नास दिवस चालली पाहिजे. ती महिन्याच्या आत संपत असेल, तर उत्तर मिळाले. त्यात बाहेरचा वडापाव, मिसळ, फरसाण, वेफर्स आणि विकतचे लोणचे यांतले मीठ धरलेलेच नाही. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. १०० ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते दोन ग्रॅम मीठ झाले.

आपल्या पानात मीठ केवळ चवीला नसते, त्याला मानाची जागा असते. पान वाढताना वरच्या कडेला मधोमध चिमूटभर मीठ, शेजारी लिंबाची फोड, ही रीत अजून पंगतीत पाळली जाते. कपात तेथूनच सुरू करावी: घरच्या जेवणात ताटात मीठ वाढू नये आणि मिठाची वाटी टेबलावर ठेवू नये. दुसरे, पोळीच्या कणकेत आणि भातात मीठ घालणे थांबवावे. भाकरीत ते बहुतेक घरांत नसतेच आणि कोणाची तक्रारही नसते. तिसरे, लोणचे, पापड, ठेचा, सांडगी मिरची आणि भाजणीच्या चकल्या यांपैकी एका जेवणाला एकच, आणि तोही रोज नाही. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, आणि तोही सोडियमच आहे. ढोकळ्यात, इडलीत किंवा उसळ लवकर शिजावी म्हणून घातलेल्या सोड्याचेही तसेच. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यासाठी साठवलेले खारवलेले मासे, सुके बोंबील हे रात्रभर भिजवून पाणी फेकून दिले तरी खारटच राहतात. चव भरून काढायला आमसूल, लिंबू, चिंच, ओवा, लसूण, भाजलेले जिरे आहेतच, आणि काही आठवड्यांत जीभ खरोखरच बदलते; मग पूर्वीचीच भाजी खारट लागते.

सैंधव म्हणजेच शेंदेलोण, किंवा गुलाबी मीठ, दाबाला चालते, हा समज चुकीचा आहे. तेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. उपवासाच्या साबुदाण्याच्या चिवड्याला त्यामुळे सूट मिळत नाही. काही सोडियम काढून त्याजागी पोटॅशियम घातलेले ‘लो सोडियम’ मीठ मात्र खरोखर वेगळे आहे. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटले. परंतु मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये, कारण रक्तातील पोटॅशियम जास्त वाढले तर हृदयाचा ठोका बिघडतो. ज्यांची मूत्रपिंडे ठीक आहेत त्यांनी पोटॅशियम पालेभाज्या, कडधान्ये, केळी, ताक यांतून जरूर घ्यावे. ताक बिनमिठाचे, एवढेच.

बाकीच्या सवयींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या सर्वांना माहीत असतात आणि अडचण माहितीची नसते. एक किलो वजन उतरले की दाब सुमारे एका अंकाने उतरतो. आठवड्यातून किमान १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालावे. देवळापर्यंत रमतगमत जाऊन बाकावर बसण्याला चालणे म्हणत नाहीत. मद्य जितके कमी तितके बरे. तंबाखू, गुटखा, विडी, आणि दातांना लावायची मिश्रीसुद्धा, पूर्ण बंद. मिश्री हे दंतमंजन आहे या समजुतीने अनेक बायका ती दिवसातून चार वेळा लावतात, आणि प्रत्येक वेळी निकोटिन दाब चढवते. संथ श्वसनाने थोडा फायदा होतो. मात्र दाब आटोक्यात येईपर्यंत शीर्षासन, दीर्घ कुंभक आणि श्वास रोखून जड वजन उचलणे टाळावे.

पाचवी पायरी: गोळीशी सलोखा करा

‘एकदा गोळी सुरू झाली की जन्मभर सुटत नाही’ ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. येथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली आहे. गोळीची सवय लागत नाही. आजार जन्मभराचा असतो, म्हणून गोळी जन्मभराची असते. चष्मा लावल्याने दिसू लागले म्हणून कोणी चष्मा फेकत नाही, पण दाब १२६ आला की गोळी बंद करणारे मात्र पुष्कळ भेटतात. तो १२६ गोळीचा आहे. वजन बरेच उतरले आणि मीठ घटले तर डोस कमी होऊ शकतो, काहींची गोळी सुटतेही, पण ते वहीतले आकडे पाहून डॉक्टरांनी ठरवायचे असते.

नेहमी वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांची थोडी ओळख असलेली बरी. ॲम्लोडिपिन धमन्या सैल करते. तिने काहींच्या घोट्यांवर संध्याकाळी सूज येते. ही सूज मूत्रपिंड बिघडल्याची नसते, तरी डॉक्टरांना सांगावी, कारण डोस कमी करून किंवा जोडीला दुसरी गोळी देऊन ती उतरवता येते. रॅमिप्रिल आणि एनालाप्रिल यांनी काहींना कोरडा, चिवट खोकला लागतो. तेव्हा खोकल्याची बाटली पिण्यापेक्षा गोळी बदलून घ्यावी. टेल्मिसार्टन आणि लोसार्टन यांनी तो सहसा येत नाही. या दोन्ही गटांतली गोळी सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासतात, आणि गर्भवती स्त्रीने किंवा मूल हवे असणाऱ्या स्त्रीने त्या घ्यायच्या नसतात. त्यांच्यासाठी लॅबेटालॉलसारखी वेगळी औषधे आहेत. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे मीठ बाहेर काढते, म्हणून ती सकाळी घेणे सोयीचे. विदर्भातल्या मे महिन्यात, निर्जळी उपवासात, किंवा जुलाब-उलट्या होत असताना ती घेणाऱ्याला चक्कर येऊ शकते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून डोस विचारावा. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्या अचानक कधीही बंद करू नयेत.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर पुष्कळ मतभेद होते. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, त्यात हृदयविकार आणि पक्षाघात टळण्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक आढळला नाही. म्हणून आपल्याला जी वेळ चुकणार नाही ती निवडावी. दात घासण्याशी किंवा देवापुढे दिवा लावण्याशी गोळी जोडली की सहसा विसरत नाही. विसरलीच तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी ‘ही लागू पडत नाही’ असा निकाल देऊ नये. आणि दोन कमी डोसच्या गोळ्या मिळून दिल्या तर आजार ‘वाढला’ असे समजू नये. एका गोळीचा डोस खूप चढवण्यापेक्षा ते बहुधा अधिक परिणामकारक आणि कमी त्रासाचे असते.

‘झाडपाल्याचे काही नाही का?’ असे विचारणाऱ्यांना मी मुंबईचीच हकीकत सांगतो. सर्पगंधा दाब उतरवते हे वैद्यांना ठाऊक होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर पद्धतशीर वापर करून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि सगळ्या जगाचे लक्ष तिकडे गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्या मुळातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले आणि ते दाबावरचे सुरुवातीच्या काळातले महत्त्वाचे औषध ठरले. पण त्याने काही रुग्णांचे मन खिन्न होते, नाक चोंदते, पोटात व्रण होऊ शकतो, हेही कळले, आणि अधिक सुरक्षित गोळ्या आल्यावर ते मागे पडले. झाडपाला निरुपयोगी नसतो. तो औषध असतो, म्हणूनच त्याला मात्रा आणि दुष्परिणाम दोन्ही असतात. सर्पगंधेच्या गोळ्या मनाने आणून चालू गोळ्यांसोबत घेऊ नयेत.

तिसऱ्या महिन्याच्या भेटीपूर्वी पुन्हा सात दिवस मोजावे. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली आणणे हे पहिले उद्दिष्ट; मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा आधीचा हृदयविकार असल्यास डॉक्टर त्याहून खालचा आकडा ठरवतात. सत्तरीपुढच्या माणसाचा दाब बसून मोजल्यावर, तीन मिनिटे उभे राहूनही मोजावा. वरचा आकडा वीस किंवा अधिकने घसरत असेल, तर रात्री लघवीला उठताना पडण्याचा धोका असतो आणि गोळ्यांचा फेरविचार करावा लागतो.

सहावी पायरी: केव्हा थांबू नये

मशीनवर १८०/१२० च्या पुढचा आकडा आला आणि माणसाला दुसरे काही होत नसेल, तर शांत बसवून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजावे. तरीही तितकाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. शेजाऱ्याच्या डब्यातली गोळी देऊ नये. कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळण्याची जुनी रीत तर अजिबात नको, कारण दाब एकदम कोसळला तर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठाच तुटतो.

परंतु छातीत दुखणे किंवा दडपण, आडवे पडताच धाप लागणे, तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, दृष्टी अचानक अंधूक होणे, किंवा फीट येणे यांपैकी काहीही असेल, तर मशीन शोधत बसू नये. आकडा कितीही असो, १०८ ला फोन करावा. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यात रुग्णालयात पोहोचून स्कॅन होण्याचा वेळही धरलेला असतो. म्हणून लक्षणे किती वाजता सुरू झाली, हे घड्याळ पाहून लिहून ठेवावे. गर्भवती स्त्रीचा दाब १४०/९० किंवा जास्त आला, आणि त्यासोबत डोके ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील किंवा बरगड्यांखाली दुखत असेल, तर तिला लगेच प्रसूतीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या सर्व गोळ्यांची नावे, मिलिग्रॅम आणि घेण्याची वेळ, ॲलर्जी असेल तर तिचे नाव, नेहमीच्या डॉक्टरांचा फोन आणि १०८ हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि ती वही कोठे असते हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवावे.